पाच देश आणि हिंगणीची मुक्कामी गाडी

सेलू
८ ऑक्टोबर २०२५

रीता,

जयभीम घे, अन् आधी घाबरू नको. घरी सगळे ठीक आहेत. कोणी गेलं नाई, कोणाचं लग्नही ठरलं नाई. मोबाइल असताना ताईनं पत्र काऊन लिहिलं असन, हेच तुले वाटन. तं माझा मोबाइल आता माझा राह्यला नाई. तो आचलजवळ असते. अभ्यास त्याच्यावर, मैत्रिणी त्याच्यावर. तुझा मेसेज माझ्याआधी तीच वाचते अन् मले वरून सांगते, "आई, रीतामावशीनं कांद्याचा भाव विचारला." तिच्यापासून एक गोष्ट लपवायची आहे म्हणून हा कागद. उत्तर घरी पाठवू नको. सेलू बसस्थानक, कंट्रोल रूम, मोहिनी कंडक्टर, एवढं लिही. मले बरोबर मिळते.

गोष्ट अशी का मार्चमध्ये आचलची दहावी होते. मग ती अकरावीले नागपूरले, हॉस्टेलवर. म्हणजे माझ्याजवळ तिची एकच उन्हाळी सुट्टी उरली. ती मले तिच्यासंगं युरोपात काढायची आहे. हसून घे, मग पुढं वाच.

मागच्या वर्षी ती माझ्याच गाडीनं वर्ध्याहून घरी येत होती. मी तिकिटांचा मेळ लावत बसली होती. ती सहज म्हणे, "आई, तू रोज दोनशे किलोमीटर जाते अन् संध्याकाळी जिथल्या तिथं येते." पोरगी बोलून विसरली. मले ते लागलं. अठरा वर्षं मी लोकांना जिकडंतिकडं पोचवून राह्यली, अन् मी स्वतः रायपूरच्या पलीकडं गेली नाई.

तिले आत्ताच सांगायचं नाई. दोन वर्षांमागं शाळेची सहल ऐन वेळी रद्द झाली, तेव्हा ती भरलेली बॅग घेऊन तीन दिवस बसून होती. यावेळी व्हिसा हातात आल्यावरच तोंड उघडीन.

भिशीचे पैसे आहेत, पण जपून वापरायचे आहेत. दसऱ्याच्या जादा गाड्या संपल्या तसं मी डेपोतल्या बाबूच्या कॉम्प्युटरवर बसून टाइमटेबल बनवलं. चौदा दिवस, सात देश. हॉटेलचा खर्च मी काढूनच टाकला. तुमच्याकडं शेवटची गाडी रात्री गावात पोचते अन् सकाळची पहिली तिथूनच निघते, असं दिसलं. म्हणजे ती मुक्कामी आहे. आपल्याकडं मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात, गावातलं एखादं घर जेवू घालते, सकाळी हापशीवर तोंड धुतलं का चालले. मी तिथं ओळखपत्र दाखवीन अन् आम्ही दोघी मागच्या सीटवर झोपू. स्टाफले कोणी नाई म्हणत नाई. अशा सात रात्री तरी निघतीन.

पाहून सांग, कुठं चुकलं का.

तुझी,
मोहिनीताई


आखन, जर्मनी
२६ ऑक्टोबर २०२५

ताई,

तुझं पत्र मी कामावर फोडलं. आमच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आजींनी विचारलं, सिस्टर, एवढं हसायला लग्न जमलं की काय. त्यांना तुझी मागची सीट समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. त्या म्हणाल्या, बाई हुशार आहे.

हुशार आहेस, पण इथे मुक्कामी गाडी नावाची वस्तू नाही. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर दिवे घालवतो, रिकामी गाडी डेपोत नेतो आणि आपल्या घरी जाऊन झोपतो. तुम्ही दोघी मागच्या सीटवर सापडलात तर पोलीस येतील आणि सोडवायला मला यावं लागेल. शिवाय ओळखपत्र दाखवशील कोणाला? इथे बसला कंडक्टर नसतो.

सात देश विसर. माझ्या दोन खोल्यांत राहा. आखन हे गाव असं कोपऱ्यात आहे की माझ्या घराजवळून शहर बस निघते ती थोड्या वेळात हॉलंडात उतरवते. तिथल्या टेकडीवर एक दगड रोवलाय, त्याला जर्मनी, हॉलंड, बेल्जियम तिघांच्या हद्दी टेकतात. दगडाभोवती एक फेरी मारली की तीन देश झाले. पॅरिस लांबच्या बसने होतं, पहाटे निघायचं. आणि लक्झेंबर्ग नावाचा इवलासा देश आहे, तिथे सगळ्या देशात बस फुकट आहे, कोणालाच तिकीट नाही. असे पाच देश होतात. रात्री घरी यायचं, वरणभात खायचा, सकाळी डबा घेऊन निघायचं.

कागद मात्र बरेच लागतील. पासपोर्ट, तुझं रजेचं पत्र, बँकेचं, विम्याचं. माझ्याकडून हमीपत्र लागेल, ते मी इथल्या कचेरीतून काढून मूळ कागदच पोस्टाने पाठवीन. सगळ्यात मोठा कागद वेगळाच आहे. आचल अठराच्या आत आहे आणि एकाच पालकासोबत प्रवास करणार, म्हणून दुसऱ्या पालकाची संमती लागते, नोटरीसमोर सही केलेली. ती नसेल तर बाकीची फाईल कितीही चांगली असो, परत येते. ते काम आधी कर.

तुझी,
रीता


सेलू
१७ नोव्हेंबर २०२५

रीता,

कंडक्टर नाई, हे वाचून मी दोन दिवस विचारच करून राह्यली. मग म्हातारी माणसं चढतात तेव्हा त्यांची पिशवी कोण धरते? सुट्टे पैसे नसले तं भांडण कोण सोडवते? अन् तो लक्झेंबर्ग देश मले पाहायचाच आहे. आपल्याकडं बायकांना अर्धं तिकीट अन् पंचाहत्तरच्या वरच्यांना फुकट, तरी मशीन तं चालवावी लागते. तिथं मी गेली तं हात बांधून बसावं लागन.

नवं टाइमटेबल केलं. पाच देश, बारा दिवस. रजेचा अर्ज दिला. परदेशी जायची परवानगी मागितली तं मोठे साहेब म्हणाले, कोणत्या परदेशात? म्हटलं, पाच. त्यांनी चहा मागवला.

पासपोर्टचं काम नाई. तू जर्मनीले गेली त्या वर्षी आमच्या तिघांचे काढून ठेवले होते. आचलचा लहान वयातला आहे, येत्या ऑक्टोबरात संपते, म्हणून जायचं तं याच उन्हाळ्यात.

आचलले काही शंका नाई. परवा तिले विचारलं, लक्झेंबर्ग कुठं येते? ती म्हणे, काऊन? म्हटलं, गाडीत एका पॅसेंजरनं विचारलं. तिनं नकाशा काढून दाखवला अन् परत गणितं करत बसली. भोळी आहे पोरगी.

तुझ्यासाठी काय आणू? गोरसपाकाच्या बिस्किटांचे दोन डबे तं आणतेच. तिखट किती, ते कळव.

मोहिनीताई


आखन
७ डिसेंबर २०२५

ताई,

तिखट दोन किलो. गोरसपाक चार डबे.

चार पानं लिहिलीस. साहेबांच्या चहाचंही लिहिलंस. मी जो कागद आधी कर म्हटलं होतं, त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. तिघांचे पासपोर्ट "काढून ठेवले होते" म्हणतेस, कोणी काढले ते लिहीत नाहीस. मी चार वर्षांत कधी विचारलं नाही, कारण तू सांगितलं नाहीस. आता विचारावं लागतंय. भाऊजींची सही मिळेल का?

रीता


सेलू
४ जानेवारी २०२६

रीता,

सांगते. एकदा सांगते, पुन्हा विचारू नको.

आमचा संप झाला तेव्हा गाड्या पाच महिने बंद होत्या, हे तुले माहीत आहे. घरात दोघंही एसटीत. आचलचे बाबा ड्रायव्हर, मी कंडक्टर, दोघांचाही पगार बंद. ते शेवटपर्यंत लढायच्या बाजूचे होते. चौथ्या महिन्यात माझ्यानं धीर धरवला नाई, मी कामावर गेली. त्यांना न विचारता गेली, ही माझी चूक. सकाळी माझी गाडी गेटातून निघाली तं संपावरची माणसं दोन्ही बाजूंनी उभी होती. कोणी शिवी दिली नाई, दगड मारला नाई. फक्त टाळ्या वाजवत होती, हळूहळू, एका तालात. त्या रांगेत आचलचे बाबा होते अन् तेही वाजवून राह्यले होते. आचल मागच्या सीटवर होती. बारा वर्षांची. तिनं काचेतून पाहिलं.

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलत नाई. मीही बोलली नाई. त्यांनी वेगळी खोली केली. कोर्टकचेरी काही झाली नाई. संप मिटला, सगळे कामावर आले, आमचं तेवढं राहून गेलं. आता ते हिंगणीची मुक्कामी गाडी चालवतात. दर दिवाळीले आचलसाठी कपडे पाठवतात, ती घडी मोडत नाई.

तुझं पत्र आलं अन् मी ठरवलं का मागायचं तं तोंडानं मागायचं. रविवारी संध्याकाळी सेलूहून त्यांच्याच गाडीत चढली. ड्यूटीचा ड्रेस घातला नाई, पास दाखवला नाई, पॅसेंजरसारखं तिकीट काढलं. हिंगणी येईपर्यंत त्यांनी मले आरशात चार वेळा पाहिलं. ड्यूटीवर ड्रायव्हरनं बोलायचं नसते, तो नियम त्यांच्या चांगला कामी आला.

हिंगणीले लहानूजी म्हणून आहेत, मुक्कामी गाडीचे लोक त्यांच्याच घरी जेवतात. त्यांच्या घरच्या सुमित्राबाईनं मले काही विचारलं नाई, एक ताट वाढवलं. तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी अन् भाकर. जेवण झाल्यावर मी कागद काढला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणे, "चांगलं करून राह्यली. पोरगी जग पाहीन." मले वाटलं, झालं काम. मग त्यांनी कागदाची घडी केली अन् मले परत दिला. म्हणे, "आचल घेऊन आली तं करतो सही. चार वर्षं झाली, पोरगी मले पाहून रस्ता बदलवते. तू आणला तं नाई करत."

मी लहानूजीच्या देखत त्यांना बरंच सुनावलं. सुमित्राबाईजवळ झोपली अन् सकाळी सहाच्या गाडीनं परत आली. ड्रायव्हरमागची सीट कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती. मी मुद्दाम सगळ्यात मागं बसली.

आता तूच सांग, आचलले काय म्हणू? पॅरिस पाहायचं असन तं बापाशी बोल? असं मी म्हणणार नाई. बोलायचं असन तं तिच्या मनानं बोलू दे, फिरायच्या लालचीनं नाई. राहू दे युरोप. तिले माहीतच नाई तं तिचं काही गेलं नाई. माझं गेलं, ते मी पाहून घेईन.

मोहिनीताई


आखन
२५ जानेवारी २०२६

ताई,

सोबत हमीपत्राचा मूळ कागद आहे. कचेरीत तीन तास बसून काढलाय, तेव्हा फाडू नकोस. तू राहू दे म्हणालीस तरी मी पाठवतेय.

आचलने स्वतः येऊन कागद दिला तरच सही, ही भाऊजींची अट मला आवडली नाही. सहीसाठी पोरीला अडवायचं नसतं. पण त्यांना सही विकायची असती तर त्यांनी दुसरं काही मागितलं असतं. त्यांनी पोरगीच मागितली, तीही एका संध्याकाळपुरती. तू तिला लालूच दाखवणार नाहीस, हेही बरोबर आहे. दोघंही बरोबर असलात की सगळं असंच अडून बसतं.

एक विचारते. तिघांचे पासपोर्ट त्यांनीच काढले होते ना? तुझ्या पत्रात ते नव्हतं, पण माझ्या लक्षात आहे. मी विमानात बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला होता. म्हणाले, "साळीबाई, तुम्ही व्हा पुढं, आमी तिघं मागून येतोच."

रीता


सेलू
२० मार्च २०२६

प्रिय रीतामावशी,

मी आचल. मोबाइलवर लिहू शकले असते, पण तुम्हा दोघींचं पत्रांचं चाललंय तर मलाही एक लिहावंसं वाटलं.

आधी कबुली. फेब्रुवारीत मी आईचा डबा घेऊन स्टँडवर गेले होते. कंट्रोलच्या काकांनी तुझं पाकीट माझ्याच हातात दिलं. मी ते फोडलं, वाचलं, पुन्हा डिंकाने चिकटवलं आणि आईला दिलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मला माहीत आहे.

युरोपचं मला ऑक्टोबरपासूनच माहीत होतं. आईने "ब्रुसेल्स सु. ७.४०" असं गाडी सुटायच्या वेळेसारखं लिहिलेला कागद माझ्याच भूगोलाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवला होता. आणि सेलू-वर्धा गाडीत लक्झेंबर्ग कोणता पॅसेंजर विचारतो? पण लपवताना तिला इतकी मजा येत होती की मी गप्प राहिले. बाबांच्या अटीचं मात्र तुझ्या पत्रातूनच कळलं. मला खूप राग आला. आधी बाबांचा, मग आईचा, कारण माझ्याबद्दल सगळं ठरवून मलाच सांगत नाही. मग पेपर सुरू झाले आणि रागवायला वेळ मिळाला नाही.

परवा शेवटचा पेपर झाला. काल मी आईला सांगितलं की मैत्रिणीकडे, मोनालीकडे राहायला जाते, आणि हिंगणीच्या गाडीत चढले. बाबा मला पाहून उठून उभे राहिले आणि त्यांचं डोकं छताला लागलं.

मावशी, मी कागद नेला नाही. कपाटात कुठे आहे ते मला माहीत होतं. पण कागद नेला असता तर मी कशासाठी आले ते बाबांना कधीच कळलं नसतं. मलाही कळलं नसतं.

लहानूआजोबांच्या अंगणात मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्या ना?" मला वाटलं, नाही म्हणतील, किंवा सगळे वाजवत होते म्हणतील.

ते म्हणाले, "वाजवल्या."

"काऊन?"

"तुह्या आईचा राग आला होता. घर तिनं सांभाळलं, मले जमलं नाई, त्याचाच राग होता तो. हे मले मागून समजलं."

मी म्हटलं, "मी काचेतून पाहत होते."

"माहीत आहे मले. तू दिसली तवाच माहे हात थांबले. पण तोवर तू पाहून घेतलं होतं."

मग ते रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले, आणि मला चार वर्षांनी बरं वाटलं. माफ केलं का ते माहीत नाही, पण रस्ता नाही बदलणार आता.

त्यांनी कागदाचं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. सकाळी ड्रायव्हरमागच्या सीटवर बसले. नियम मोडून ते सेलूपर्यंत बोलत होते, या वळणावर मोर दिसते, इथं परवा रानडुकरं आडवी आली. कंडक्टरकाकांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

आईला यातलं काही सांगू नकोस. मी सांगेन, पण योग्य जागी. कागद आला नाही आणि आपली भेट झाली नाही तरी मला वाईट वाटणार नाही. थोडंसंच वाटेल.

तुझी,
आचल


सेलू
९ एप्रिल २०२६

रीता,

सही झाली.

काल माझी दुपारची सेलू-वर्धा फेरी होती. आचलचे बाबा सेलूले चढले. सुट्टीचा दिवस होता त्यांचा, इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्टाफ आहेत, पास आहे, तरी म्हणाले, "वर्धा एक. पूर्ण." मी मशीनमधून काढून दिलं. त्यांनी पैशासंगं एक लांब पाकीट दिलं. उघडून पाहिलं तं संमतीचा कागद, नवा टाइप केलेला, नोटरीचा शिक्का, त्यांची सही, पासपोर्टची नक्कलसुद्धा लावलेली. मी म्हटलं, "अट होती ना तुमची?" तं म्हणाले, "अट राहू दे. चुकलंच ते माहं." अन् खिडकीबाहेर पाहत बसले.

गाडीत पंचावन्न पॅसेंजर होते, मी काय बोलणार. पवनारले एक घंटी मारून गाडी थांबवायची, तिथं मी दोन मारल्या. गाडी पुढं निघून गेली अन् उतरणाऱ्या बाईनं मले काय काय म्हटलं ते लिहीत नाई. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. ते मागं वळून हसले. मलेही हसू आलं, काय करू.

हिंगणीले मी सुनावलं होतं ते त्यांना तीन महिन्यांनी लागलं म्हणायचं. लागलं तं खरं.

पुढच्या आठवड्यात बोटांचे ठसे द्यायले मुंबईले जायचं आहे, तेव्हा व्हिसाची वाट न पाहता आचलले सांगावंच लागलं. काल संध्याकाळी सांगितलं. तिनं अशी किंकाळी मारली का शेजारच्या कमलाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. तिचं तोंड तू पाहायले पाहिजे होतं. तिच्या ध्यानीमनी नव्हतं. सहा महिने मी तोंडातून अवाक्षर काढलं नाई, आता तरी मान मले.

मोहिनीताई


आखन
२६ एप्रिल २०२६

ताई,

मानलं. तुझ्याइतकं गुपित कोणी ठेवू शकत नाही. किंकाळीचं वाचून मी वृद्धाश्रमातल्या आजींना सांगितलं, पोरीने चांगलीच मारली असणार.

भाऊजींना तुझं बोलणं लागलंच असेल. तुझं बोलणं कोणाला लागत नाही? मी जास्त काही लिहीत नाही.

मे महिन्यातही इथे सकाळी गारठा असतो, दोघींना स्वेटर घे. तिखट बॅगेत घाल, हातात नको. मी स्टेशनवर येईन. आल्यावर ओळखपत्र काढू नकोस.

रीता


आखन
३ जून २०२६

(लहानूजींच्या घरी, मु. हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा)

आचलचे बाबा,

जयभीम. हे पत्र वीसेक दिवसांनी पोचन, त्याच्या आधी आम्हीच घरी आलेलो राहू. पण तोंडानं मले हे सांगता येणार नाई, म्हणून लिहून राह्यली.

पॅरिस पाहिलं. चांगलं आहे. आचलनं तिथल्या उंच मनोऱ्याचे दीडशे फोटो काढले अन् मी खाली बाकावर बसून डबा खाल्ला. लक्झेंबर्गमध्ये दिवसभर बसमध्ये बसलो, तिकीट नाई, मले चोरी केल्यासारखं वाटत होतं.

काल रीता अन् आम्ही शहर बसनं हॉलंडले गेलो, तीन देशांचा दगड पाहायले. ड्रायव्हर एकटा होता. पॅसेंजर मशीनले कार्ड लावते अन् जाऊन बसते. पूर्ण रस्त्यानं त्याच्याशी कोणी एक शब्द बोललं नाई. मी त्याच्या मागंच बसली होती. त्याची पाठ पाहून मले तुमची आठवण आली. खोटं काऊन लिहू. आठ वर्षं आपण एका गाडीवर होतो, तुम्ही पुढं, मी मागं. मी दुसरी घंटी मारायच्या आत तुमचा गिअर पडत होता.

उतरताना त्याले गोरसपाक दिला. तो गोंधळून गेला. रीतानं त्याच्या भाषेत सांगितलं का ही तिकडं बसमध्ये कंडक्टर आहे, अन् तिचा नवरा ड्रायव्हर आहे. तसा तो सीटवरून उठला अन् माझ्याशी हात मिळवला.

परत येताना गाडी एका स्टॉपवर उभी होती, सगळे चढून झाले होते. माझा हात आपोआप वर गेला. वर दोरीच नव्हती. आचलनं पाहिलं अन् तोंडानंच दोन घंट्या वाजवल्या. आम्ही खूप हसलो. अन् हसता हसता तिनं सांगितलं का मार्चमध्ये ती मोनालीकडं गेलीच नव्हती, हिंगणीले गेलती. कागद नेला नव्हता, हेही सांगितलं. तुम्ही काय विचारलं, काय बोलले, सगळं. अन् मी आजपर्यंत समजून राह्यली होती का माझं बोलणं तुम्हाले लागलं.

टाळ्या मी विसरली नाई. पण तुम्ही पोरीशी खोटं बोलले नाई, ते मले फार बरं वाटलं. तुम्हाले न सांगता मी कामावर गेली, तेही बरोबर नव्हतं. हे मी तुम्हाले पयल्यांदा म्हणून राह्यली.

आचलचा पासपोर्ट ऑक्टोबरात संपते. नव्याच्या फॉर्मवर आपल्या दोघांच्या सह्या लागतीन, संगंच जाऊ. तुमचा आणखी पाच वर्षं चालते, तो सांभाळून ठेवजा.

२७ तारखेले, शनिवारी, आम्ही दोघी संध्याकाळच्या हिंगणीच्या गाडीनं येऊ. सुमित्राबाईले दोन ताटं जास्त सांगजा. अन् ड्रायव्हरमागची सीट पुसून ठेवजा.

मोहिनी